शुक्रवार ठेवाच, पण कामाच्या वेळेतला
इंजिनिअरांना ऑफिसच्या वेळेतच ओपन सोर्ससाठी, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेल्या सॉफ्टवेअरसाठी, वेळ द्यावा, हे इथल्या लेखातलं म्हणणं मनापासून पटलं. रत्नागिरीत आमची पाच जणांची टीम नकाशांचं काम करते. नकाशे बनवायचं क्यूजीआयएस, नकाशांची माहिती साठवायचं पोस्टजीआयएस, कुणालाही भर घालता येणारा ओपनस्ट्रीटमॅप हा नकाशा, सगळं लोकांनी उभं केलेलं. त्यासाठी महिन्यातला एक शुक्रवार आम्ही राखून ठेवलाय.

कोकणातलं गाव म्हणजे नकाशावरचा एक ठिपका नव्हे. त्याच्या वाड्या असतात, आणि वाडीवर जायला चिऱ्यांची पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाट, नाहीतर वहाळावरचा साकव, म्हणजे छोटा पूल. जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणजवळ माझ्या मावशीच्या वाडीकडे निघालेली मदतीची गाडी दोनदा वाट चुकली, कारण नकाशात वाडीचं नावच नव्हतं. आता आम्ही पायऱ्या पायऱ्या म्हणूनच नोंदवतो, नाहीतर ॲप तिथूनही गाडी घाल म्हणून सांगतं!

हे काम रविवारी घरून करा, असं मात्र कुणी म्हणू नका. एक्सझेड ही फाइल्स दाबून लहान करणारी छोटी सॉफ्टवेअर लायब्ररी जगभरच्या लिनक्समध्ये आहे, आणि ती सांभाळत होता जवळजवळ एकच माणूस, फावल्या वेळात, थकलेला. तेच हेरून कुणीतरी त्याचा विश्वास कमावला आणि त्या कोडमध्ये चोरदार (बॅकडोअर), म्हणजे गुपचूप आत शिरायची वाट, बसवलं. मार्च २०२४ मध्ये ते सापडलं, कारण पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणाऱ्या आंद्रेस फ्रॉइंड यांना लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं, आणि त्यांनी ते सोडून दिलं नाही.

पुढच्या शुक्रवारी राजापूरकडच्या वाड्या घेतोय. तिकडचं कुणी वाचत असेल तर आपल्या वाडीचं नाव, पाखाडी, साकव इथे खाली लिहा. नोंदवायचं कसं, तेही शिकवू.