एका तासाचं पीठ आणि पांढऱ्या बुडाचा पाव

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया पहिल्यांदा वाचली तेव्हा झोंबली. दुसऱ्यांदा कागद-पेन घेऊन वाचली, तेव्हा लक्षात आलं की तुमच्या चार तक्रारींपैकी अडीच तरी माझ्यावरच शेकतात. म्हणून हे लांबलचक उत्तर.

इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात असं. माझ्या पावाच्या कृतीत ‘झाकून एक तास ठेवा, दुप्पट होईल’ असं आहे. तुमचं स्वयंपाकघर १९ अंशांवर होतं आणि पावणेदोन तासांनीही पीठ जेमतेम हललं होतं. वैतागून तुम्ही पातेलं ५० अंशांच्या ओव्हनमध्ये दीड तास ठेवलंत. मग गोळा वळून सिलिकॉन मॅटवर (ट्रेवर अंथरायची, पीठ न चिकटणारी चटई) दुसऱ्यांदा फुगवलात आणि तसाच भाजलात. पाव बसका झाला, वरून फिकट, त्याला दारूसारखा वास, आणि बूड पांढरं नि ओलसर. शिवाय मॅटला साबणाचा वास येतो, चिमटा काढला की ती पांढरी पडते, म्हणजे सिलिकॉन हे शेवटी प्लॅस्टिकच, ते फेकून बेकिंगचा कागद वापरावा. आणि शेवटी, मी मॅटची जाहिरात केल्यासारखं लिहिते.

आधी एका तासाबद्दल. ती चूक माझीच. मी तो पाव केला तेव्हा माझ्या ओट्याजवळ २९ अंश होते आणि तेव्हा एक तास लागला, म्हणून मी एक तास लिहिला. तापमान लिहायचं सुचलंच नाही. यीस्ट जिवंत असतं, त्याला घड्याळ कळत नाही. ढोबळमानाने दहा अंश उतरले की त्याचा वेग निम्म्यावर येतो, म्हणजे माझ्या एका तासाचे तुमच्याकडे दोन तास तर सहज होतात. त्यात नळाचं गार पाणी घातलेलं, म्हणजे गोळा सुरुवातीपासूनच थंड. वाईट वाटतं ते याचं, की पावणेदोन तासांनी तुम्ही हार मानलीत तेव्हा पीठ अगदी वेळेवर चाललं होतं. आणखी पाऊण-एक तास त्याच ओट्यावर मिळाला असता तर ही प्रतिक्रिया तुम्हाला लिहावीच लागली नसती.

५० अंशांबद्दल मात्र मी बाजू घेणार नाही. ‘उबदार जागी ठेवा’ या वाक्याचा हा अर्थ बरेच जण काढतात. पस्तिशीच्या आसपास यीस्ट जोरात असतं, पंचेचाळिशीनंतर ते दमायला लागतं आणि ५५-६० अंशांच्या दरम्यान मरतं. घरच्या ओव्हनचा ५० चा आकडाही भरवशाचा नसतो. आतली कॉइल पेटते-विझते तेव्हा हवा मध्येच बरीच वर जाऊन येते. धातूच्या पातेल्यात कडेचं पीठ तापून सुसाट सुटलं, त्याच वेळी मधला भाग अजून गारच होता. मधलं फुगेपर्यंत कडेचं केव्हाच उतू गेलं. दारूचा वास तिथलाच. यीस्ट साखर खाऊन कार्बन डायऑक्साइड आणि अल्कोहोल सोडतं, आणि जास्त वेळ दिला की तो वास नाकाला कळतो. वरचा फिकट रंगही त्यातूनच आला. पावाच्या सालीला तांबूस रंग यायला पिठात थोडी साखर उरावी लागते, ती यीस्टने आधीच फस्त केली होती. बसकेपणा त्याच माळेतला: ताणून ताणून सैल पडलेल्या ग्लुटेनच्या (पिठातल्या चिवट प्रथिनाच्या) जाळीला वायू धरून ठेवता आला नाही.

थंड घरात काय करायचं, हे मी आधीच लिहायला हवं होतं. पिठाला ऊब द्यायची सगळ्यात सोपी जागा म्हणजे पाणी. बेकरीवाले एक हिशेब करतात, तो घरीही चालतो. मळलेला गोळा २५ अंशांचा हवा असेल तर २५ गुणिले ३, म्हणजे ७५. त्यातून खोलीचं तापमान वजा करा, मग पिठाचं वजा करा, उरेल ते पाण्याचं तापमान. तुमच्याकडे ७५ वजा १९ वजा १९, म्हणजे ३७ अंश, हाताला जेमतेम कोमट लागेल इतकं. (मशिनमध्ये मळत असाल तर घर्षणाने पीठ तापतं, तेव्हा पाणी आणखी थोडं गार घ्यावं लागतं.) खोली आणि पीठ दोन्ही ३० अंशांवर असतील तर हाच हिशेब १५ अंश सांगतो, म्हणजे फ्रिजमधलं पाणी मिसळून गार केलेलं. मग गोळा बंद ओव्हनमध्ये ठेवायचा, शेजारी उकळत्या पाण्याचा वाडगा. फक्त आतला दिवा लावूनही बऱ्याच ओव्हनमध्ये पुरेशी ऊब होते, पण एकदा थर्मामीटर ठेवून बघा. काही दिवे उगाच जास्त तापवतात.

आणि खरं सांगायचं तर घाई नसेल तर ऊब लागतच नाही. मी आता बहुतेक वेळा पीठ अर्धवट फुगलं की झाकून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवते. चार अंशांवर यीस्ट रांगत चालतं, चव मात्र त्या वेळात खुलते.

आता बोटाच्या परीक्षेकडे येते, कारण इथे माझी दुसरी चूक आहे आणि ती तुमच्या नजरेतून सुटली. मी लिहिलं होतं, ‘ओलं बोट खुपसा, खड्डा तसाच राहिला की पीठ तयार.’ पहिल्या फुगण्यासाठी हे ठीक आहे. दुसऱ्या वेळी, म्हणजे गोळा वळून झाल्यावर, हीच परीक्षा लावली तर गाडी चुकते. तेव्हा खड्डा अगदी हळूहळू वर यायला हवा आणि शेवटी थोडीशी खूण उरायला हवी. टुणकन वर आला तर अजून थांबा. तसाच राहिला तर उशीर झाला, कारण ओव्हनमध्ये शेवटची उसळी मारायला पिठात जोरच उरत नाही. मी दोन्हीसाठी एकच वाक्य ठोकून दिलं होतं. तुम्ही ते मनापासून पाळलंत, म्हणजे आधीच दमलेलं पीठ आणखी ताणलं गेलं.

‘दुप्पट’ हा शब्दही फसवाच. गोल पातेल्यात दुप्पट म्हणजे नेमकं कुठवर, हे डोळ्यांनी सांगणं अवघड. मळून झालं की पन्नासेक ग्रॅम पीठ सरळ उभ्या कडांच्या ग्लासात दाबून बसवा आणि त्याच्या उंचीवर रबरबँड लावा. तो ग्लास मोठ्या गोळ्याशेजारीच ठेवायचा. एवढंच, की इवलासा तुकडा खोलीच्या तापमानाला लवकर येतो, म्हणून तो थोडा पुढे किंवा मागे धावेल. तरी पातेल्याकडे बघून अंदाज बांधण्यापेक्षा बरं.

मॅटच्या बाबतीत अर्धं तुमचं खरं. पांढरं बूड तिच्यामुळेच. ही मॅट म्हणजे काचेच्या धाग्यांचं विणलेलं कापड, दोन्ही बाजूंनी सिलिकॉन चढवलेलं. सिलिकॉनमधून उष्णता सावकाश जाते. बिस्किटांचं बूड करपत नाही ते याच गुणामुळे, आणि पावाला नडतो तोही हाच गुण. पावाला खालून झटकन जोरदार धग हवी, आणि बुडातून निघणारी वाफ जायला वाटही हवी. मॅटवर ती वाट बंद होते आणि बूड स्वतःच्याच वाफेत शिजतं. फ्रेंच देमार्ल कंपनी, जिची सिलपॅट ही मॅट प्रसिद्ध आहे, तीच पावासाठी वेगळी जाळीदार मॅट बनवते आणि तिला ‘सिलपँ’ म्हणते. फ्रेंचमध्ये पँ म्हणजे पाव. म्हणजे ज्यांनी मॅट केली त्यांनाही पावासाठी तिला भोकं पाडावी लागली! (जाहिरातीचं म्हणाल तर माझी मॅट मी स्वतः विकत घेतली आहे, आणि ती यांपैकी कुठलीच नाही.)

तर मोठा पाव मॅटवर भाजू नका, पण मळायला-वळायला ती उत्तम आहे. ओटा ओल्या फडक्याने पुसून त्यावर मॅट टाकली की ती जागची हलत नाही. मग तिच्यावर मळा, वळा, कोरडं पीठ फारसं लागत नाही. मऊ सालीचे छोटे पाव मी तिच्यावरच फुगवते आणि तिच्यासकट ट्रेमध्ये भाजते, कारण त्यांना खुसखुशीत बूड नकोच असतं. मोठा पाव मात्र कागदावर फुगवायचा आणि कागदासकट तापलेल्या ट्रेवर सरकवायचा. मॅटवर भाजायचाच असेल तर शेवटची सात-आठ मिनिटं मॅट काढून पाव नुसत्या जाळीवर ठेवा.

साबणाच्या वासाचं कारण असं की सिलिकॉन तेल आणि सुगंध दोन्ही शोषून घेतं. सुवासिक साबण टाळा. वास बसलाच असेल तर गरम पाण्यात भिजवून धुवा आणि मॅट रिकामीच १७५ अंशांवर पंधरा मिनिटं तापवा. वास जातो. तेल मात्र तिच्यावर लावू नका, ते तापून चिकट थर धरतं आणि मग घासून घासून हात दुखतात. आणि सुरी तर नाहीच नाही. माझी पहिली मॅट मी पीठ कापण्याच्या नादात चिरली, काचेचे धागे दिसायला लागले आणि ती त्याच दिवशी टाकून दिली.

आता तुमचा शेवटचा मुद्दा. चिमट्याची परीक्षा या मॅटला लागूच होत नाही, आत काचेचं कापड आहे आणि दुमडून ते मोडतं. तेव्हा कृपा करून चिमटे काढू नका, घडीही घालू नका, गुंडाळी करून ठेवा. मॅटवरच्या या पदार्थाचा कणा सिलिकॉन नावाचं मूलद्रव्य आणि ऑक्सिजन यांच्या साखळीचा असतो, नेहमीच्या प्लॅस्टिकसारखा कार्बनचा नाही, म्हणून ते इतकी धग सोसतं. पण तुमची शंका अगदीच बिनबुडाची नाही. कमी प्रतीच्या सिलिकॉनमधून तापल्यावर लहान सिलॉक्सेन रेणू सुटू शकतात. त्यांतल्या डी४, डी५ आणि डी६ यांना युरोपीय संघाने २०१८ मध्ये अति चिंताजनक पदार्थांच्या यादीत घातलं. जर्मनीत अन्नाला लागणाऱ्या सिलिकॉनसाठी निकष आहे तो असा, की २०० अंशांवर चार तास तापवल्यावर त्यातून उडून जाणारा भाग ०.५ टक्क्याच्या वर नसावा. म्हणून मी नवी मॅट पहिल्यांदा खिडक्या उघड्या ठेवून रिकामीच तापवते आणि तिच्यावर छापलेली कमाल मर्यादा, साधारण २३० ते २५० अंश, कधी ओलांडत नाही. ग्रिलखाली तर तिला नेतच नाही.

आणि ज्या कागदाकडे तुम्ही वळलात, त्या बेकिंगच्या पार्चमेंट कागदाला पीठ चिकटत नाही, ते का? बहुधा त्याच्यावरही सिलिकॉनचाच पातळ थर असतो.

मूळ कृतीत आज दुरुस्ती केली आहे. ‘एक तास’ खोडून तिथे ‘गोळा २५ अंशांचा, ग्लासातलं पीठ रबरबँडच्या दुप्पट उंचीवर येईपर्यंत’ असं लिहिलंय. बोटाची परीक्षा दोन वेळांसाठी दोन वेगळ्या वाक्यांत आहे, आणि भाजण्याच्या पायरीतून मॅट काढली आहे. मळण्या-वळण्याच्या पायरीत ती आहे तशीच आहे, तिथे मी तुमच्याशी भांडायला तयार आहे.