'मोकळी झाली' म्हणजे नेमकं काय झालं?

आमच्याकडे बाई बाळंत झाली की फोनवर एकच वाक्य जातं, 'मोकळी झाली.' पलीकडून लगेच विचारणा, 'काय झालं?' म्हणजे मुलगा की मुलगी. मग वजन किती, रंग कोणाचा, नाक कोणावर गेलंय. बाईचा विषय 'मोकळी'पाशीच संपतो.

मीही त्याच पंक्तीतला. चार वर्षांपूर्वी बहीण पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, खान्देशातल्या चोपड्याला. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, नुकतीच होऊन गेलेली, ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. मुलगी झाल्याचं कळल्याबरोबर मी मोटारसायकलीला किक मारली आणि पेढे आणायला गेलो. एक किलो. परत आलो तर आई वॉर्डाच्या दाराशी भिंत धरून उभी, आणि आत एक नर्स दोन्ही हातांनी बहिणीचं पोट दाबून धरलेली. अंगावरून जाणं थांबतच नव्हतं. आईला ते मघाशीच दिसलं होतं, पण तिने मनाची समजूत घातली होती, 'बाळंतपणमा रगत जासच, त्यामा काय.'

जातंच. पण किती, हे कोणी बघायचं? बाळ बाहेर येऊन वार पडली की गर्भाशयाने आवळून नारळासारखं टणक व्हावं लागतं. शेवटच्या महिन्यात मिनिटाला अर्धा लिटरहून जास्त रक्त त्या पिशवीकडे वाहत असतं. ती आवळली नाही तर तोटी उघडीच राहते. अर्धा लिटर, म्हणजे सकाळी येणाऱ्या दुधाच्या पिशवीएवढं रक्त गेलं की डॉक्टर त्याला अतिरक्तस्राव म्हणतात. पण साडीत, चादरीत, कापसात मुरलेलं रक्त कोण मोजतो? त्या नर्सबाईंनी चादर उचलून हातात तोलली आणि आईला म्हणाल्या, 'मावशी, हे जास्तीचं आहे.' बहीण आज आहे ती त्या एका वाक्यामुळे, असं मी मानतो.

दवाखान्याचं नाव लिहिणार नाही, कारण तिथली माणसं धावली. पण तिच्या गटाचं रक्त तिथं नव्हतं. १०८ बोलावली, सलाईन चालू ठेवून जळगाव गाठलं. पन्नास-साठ किलोमीटर. तापीच्या पुलावर तिने विचारलं, 'दादा, अंधार का पडला?' दुपारचे दोन वाजले होते. जळगावात दोन पिशव्या रक्त चढलं आणि ती वाचली. पेढे डिकीत वितळून गेले.

नंतर तिचं कार्ड पाहिलं. सातव्या महिन्यातलं हिमोग्लोबिन ८.२. गरोदर बाईचं ११ च्या वर हवं. त्या कार्डाला मी तोवर हातही लावला नव्हता, मेव्हण्यांनीही नाही. लोहाच्या गोळ्यांची अख्खी पाकिटं गादीखाली सापडली. गोळीने शौचाला काळं होतं, मळमळतं, आणि कोणीतरी सांगितलेलं की बाळ फार मोठं होतं, मग सिझर करावं लागतं. ज्या घेतल्या त्याही चहाबरोबर. आपल्या खान्देशात दिवसाला किती चहा होतो ते सांगायला नको, आणि चहा लोह अंगी लागू देत नाही. लिंबूपाण्यासोबत घेतली असती तर फरक पडला असता. बारा हिमोग्लोबिनवाली बाई जेवढं रक्त गेलं तरी तग धरते, तेवढ्यात आठवाली कोसळते. म्हणजे त्या दुपारची तयारी आम्ही, सासर-माहेर दोन्हीकडे, सात महिने करत होतो. आधी पुरुषांनी जेवायचं, मग पोरांनी, उरली कळण्याची भाकरी आणि तळाची भाजी तर तिने. वर कौतुक काय, तर 'सून फार कमी खाते.'

आता थोडं रागाचं. महाराष्ट्राचा आकडा चांगला म्हणून आपण पाठ थोपटून घेतो. २०१८-२० च्या सरकारी पाहणीत दर लाख जिवंत जन्मांमागे ३३ मातामृत्यू, देशाचा ९७. केरळचा १९. पण सरासरी म्हणजे पुण्याची बाई आणि धडगावची बाई एकाच तराजूत. नंदुरबारच्या सातपुड्यात अजूनही पाड्यावरून रस्त्यापर्यंत बाईला झोळीतून आणावं लागतं. नर्मदेकाठच्या गावांसाठी बोटीचा दवाखाना आहे, पण पावसाळ्यात मोलगीकडचा घाट बघितलेल्या माणसाला विचारा, कळा सुरू झालेल्या बाईचा एक तास म्हणजे काय. त्यात आदिवासी भागात सिकलसेल, म्हणजे पिढीजात चालत येणारा रक्ताचा आजार. रक्त आधीच कमी, आणि ते मिळायचं ठिकाण खाली, दूर.

आणि एक बारीकशी गोष्ट, जी मला त्या प्रसंगाआधी ठाऊक नव्हती. गर्भपिशवी आवळण्यासाठी जे ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन देतात, ते २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं. उन्हात त्याची ताकद जाते. आपल्याकडे भुसावळ-जळगावला पारा ४५ च्या वर चढतो, त्यात वीज गेलेली. तेव्हा तुमच्या आरोग्य केंद्रातला फ्रिज चालू आहे का, हा जीवन-मरणाचा प्रश्न आहे. ग्रामसभेत गटारीवर दोन तास भांडण होतं, फ्रिजचं कोणी विचारत नाही. मीही कधी विचारलं नव्हतं. रक्तस्राव थांबवायला ट्रॅनेक्झामिक ॲसिड नावाचं औषधही आहे, पण ते बाळंतपणानंतर तीन तासांच्या आत द्यावं लागतं. म्हणजे पुन्हा घड्याळ आणि रस्ता.

सोयी नाहीत असंही नाही. २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझर, औषधं, रक्त, नेण्या-आणण्याची गाडी फुकट आहे. दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायांची डॉक्टरकडून तपासणी असते. पण बाळंतीण दवाखान्यात ४८ तास थांबावी म्हणतात, आणि आपण दुसऱ्याच सकाळी गाडी लावतो, 'घरी शेक-शेगडीची सोय आहे, इथं डास चावतात.' मातामृत्यू बाळंतपणानंतरच्या ४२ दिवसांपर्यंत धरतात, हे किती जणांना माहीत आहे? घरी आल्यावर डोकं फुटेल असं दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, झटका हे रक्तदाबाचं असू शकतं. ताप आणि घाण वास हे जंतुसंसर्गाचं. आपण दृष्ट काढतो. आशाताई येते, बाळाचं वजन करते. तिला चहा देताना बाळंतिणीचीही विचारपूस करायला सांगा. सांगायला संकोच वाटत असेल तर स्वतः विचारा, कापड किती वेळात भिजतंय. बहिणीला, बायकोला हे विचारायची लाज वाटते, मलाही वाटली. पुलावरच्या त्या दुपारनंतर कमी वाटते.

ही पोस्ट मुख्यतः बाप्यांनी वाचावी. रक्त द्यायची वेळ आली तेव्हा दवाखान्यात आमची सात माणसं उभी होती. एक म्हणाला शुगर आहे, एक म्हणाला केळीची गाडी भरायची आहे, अशक्तपणा येईल. दिलं दोघांनी.

शेजारची पोर पुढच्या महिन्यात बाळंतपणाला यायची होती, ती परवाच आली. काल ओट्यावर तिच्या भावाला विचारलं, 'हिचं हिमोग्लोबिन किती रे?' त्याने घरात तोंड घालून हाक मारली. आतून उत्तर आलं, 'कार्ड सासरीच राहिलं.'