गाडी ओढायला आले तर पाळायचे शिष्टाचार

गाडीचे दोन-तीन हप्ते थकलेत? अभिनंदन! आता घराला पाहुण्यांची उणीव भासणार नाही. मात्र त्यांची सरबराई कशी करायची ते ठाऊक हवं. गेल्या महिन्यात माझ्या मेहुण्याची गाडी ओढून नेली, त्या पुण्याईवर चार सूचना करतो.

फोन सकाळी सातला आला तरी उचला. वसुलीचे फोन सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर करायचे नाहीत, असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये बजावलंय खरं, पण समोरच्या बिचाऱ्याला टार्गेट आहे.

तो 'अरे-तुरे'वर आला की आपण 'सर' म्हणावं.

तुमचा फोन लागला नाही तर तो मला लागेल, काळजी नसावी. मी जामीनदार नाही, कुठे सही केलेली नाही. फॉर्मवर रेफरन्सला दोन नंबर हवे होते, त्यातला एक माझा. तेवढ्या पात्रतेवर "तुमचं अख्खं खानदानच चोर आहे का?" हे मला ऑफिसात ऐकायला मिळालं. घरच्यांना, मित्रांना, रेफरन्सवाल्यांना छळायचं नाही हेही त्याच परिपत्रकात आहे. असू दे.

व्हॉट्सअ‍ॅपवर लोकअदालतीची नोटीस आली की तातडीने घाबरा. तिथे तडजोड होते, अटक होत नाही, असले विचार मनात आणू नका.

गाडी रस्त्यात अडवली की हसतमुखाने खाली उतरा. ओळखपत्र मागू नका, त्यांना वाईट वाटतं. मेहुण्याने मागितलं. एजंटाजवळ ओळखपत्र, कंपनीचं अधिकारपत्र आणि नोटिशीची प्रत असलीच पाहिजे, एवढं त्याला माहीत होतं. त्यांनी मोबाईलवर कसलासा धूसर फोटो दाखवला आणि किल्ली काढून घेतली. मागच्या सीटवर माझ्या सासूबाई, डॉक्टरकडून परतत होत्या. "आजी, उतरा, रिक्षा करून देतो." रिक्षा काही करून दिली नाही. औषधांची पिशवी गाडीतच गेली. पोलीस ठाण्यात फोन केला तर उत्तर, "सिव्हिल मॅटर आहे, त्यांनी आधीच कळवलंय." वर ओढलेल्या गाड्या ठेवतात त्या यार्डात कागद पुढे केला : गाडी स्वखुशीने जमा करत आहे. स्वखुशीने! भर रस्त्यात चौघांनी घेरून म्हाताऱ्या बाईला खाली उतरवायचं, याला स्वखुशी म्हणतात? गाडी ताब्यात घ्यायला दांडगाई नको, कायद्याचा रस्ता धरा, असं सर्वोच्च न्यायालयाने २००७ सालीच एका बँकेला सुनावलंय. २०२२ मध्ये हजारीबागला ट्रॅक्टर ओढून नेताना एक गरोदर मुलगी त्याच ट्रॅक्टरखाली चिरडून मेली. रिझर्व्ह बँकेने त्या ट्रॅक्टरला कर्ज देणाऱ्या कंपनीला बाहेरचे वसुली एजंट वापरायला बंदी केली, आणि चार महिन्यांच्या आत ती उठवलीही.

यार्डाचं भाडं रोज चढतं. लिलावात कमी पडेल तेही तुम्हीच भरायचं. आनंदाने भरा.

अगदीच जमेना तर नादारीचा अर्ज करा. २०१६ चा दिवाळखोरी कायदा आहे, पण त्यातला तुमच्या-आमच्यासारख्या साध्या कर्जदाराचा भाग अजून लागूच केलेला नाही. म्हणून मुंबईकरांना १९०९ चा आणि बाकी महाराष्ट्राला १९२० चा, इंग्रजांनी केलेला कायदा. पाचशे रुपयांचं देणं असलं तरी अर्ज करता येतो, इतकं दयाळू राज्य होतं ते! मोठी कंपनी बुडाली की धनकोंची समिती एसीत बसते. तुमच्या दारात दोन मोटारसायकली उभ्या राहतात.

शाखेत गेलो तर मॅनेजर म्हणतात, "एजन्सी बाहेरची आहे, आमचा संबंध नाही." संबंध नाही? गाडीचा नंबर त्यांना कोणी दिला, माझा फोन नंबर कोणी दिला, कमिशन कोण देतं? एजंटाच्या वागण्याची जबाबदारी कर्ज देणाऱ्याचीच, हे नियमात लिहिलेलं तुम्ही वाचलेलं असतं, साहेब. तरी खोटं बोलता. कर्ज देताना घरी पेढे घेऊन आला होतात, तेव्हा एजन्सी बाहेरची नव्हती!

आणि कर्जदारांनो, तुम्हीही शरमेने गप्प बसता म्हणून यांचं फावतं. पैसे देणं लागता, मार खाणं लागत नाही. फोन रेकॉर्ड करा. 'स्वखुशी'च्या कागदावर सही करू नका. कंपनीकडे लेखी तक्रार द्या, तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा, एक पैसा लागत नाही. आणि सासूबाई भर उन्हात उभ्या असताना मोबाईलवर शूटिंग करत होतात ना तुम्ही दहा-बाराजण? पुढच्या वेळी तो खिशात घाला आणि त्या चौघांना ओळखपत्र विचारा.