याला तिचा ‘नवा अवतार’ म्हणू नका

अमेरिकेची कंट्री गायिका एमिलू हॅरिस हिच्या ‘रेकिंग बॉल’ या अल्बमबद्दल लिहायचं कित्येक वर्षं मनात आहे. कंट्री म्हणजे तिकडच्या खेड्यापाड्यांत रुजलेलं संगीत, आणि हा अल्बम म्हणजे तिचा ‘नवा अवतार’ असं सगळे म्हणतात. परवा रात्री घरातले सगळे झोपल्यावर हेडफोन लावून बाराच्या बारा गाणी सलग ऐकली, आणि आता लिहिल्याशिवाय चैन पडेना.

दुसऱ्या गाण्यापाशीच अडकलो होतो. ‘गुडबाय’, स्टीव्ह अर्लनं लिहिलेलं. नशेत आयुष्याची माती करून बसलेला एक माणूस मागचं आठवतोय. तिला एकटीनं काढायला लावलेल्या रात्री त्याला आठवतात. आपण तिला रडवलं असणार, हेही तो कबूल करतो. फक्त आपण एकमेकांचा निरोप घेतला होता का, तेवढं काही केल्या आठवत नाही. एमिलू हे गाताना कुठेही जोर लावत नाही. ओळ संपत येते तसा तिचा आवाज विरत जातो आणि शेवटच्या शब्दावर जवळजवळ श्वासच उरतो. हे ऐकताना मला दर वेळी माझी आत्या आठवते.

आत्या भजनी मंडळात पहिल्या रांगेत बसून गायची. साठीनंतर तिचा आवाज कापायला लागला. ‘आता वरचा सूर लागत नाही हो तुमचा’ असं म्हणून मंडळातल्यांनी तिला मागे टाळ वाजवायला बसवलं. पुढच्या महिन्यापासून ती गेलीच नाही. पण दुपारी तांदूळ निवडताना तिचं गाणं चालूच असायचं. मी दारात बसून ऐकायचो. एका दमात ओळ पूर्ण व्हायची नाही, मध्येच श्वास घ्यावा लागायचा, आणि त्या श्वासानंतर येणारा शब्द असा काही पडायचा की तोच अभंग मला नव्यानं कळायचा. मागच्या रांगेतला तो टाळ मी अजून विसरलेलो नाही.

‘रेकिंग बॉल’ सप्टेंबर १९९५मध्ये आला तेव्हा एमिलू ४८ वर्षांची होती. कंट्री संगीताच्या हिशेबात ती तेव्हा मागच्या रांगेतच होती. नव्वदच्या दशकात या संगीताचा बाजार प्रचंड वाढला, रेडिओ केंद्रांना तरुण चेहरे हवे झाले आणि ज्यांनी हे संगीत उभं केलं त्यांची गाणी वाजेनाशी झाली. एकट्या तिचीच ही गत नव्हती. जॉनी कॅशसारख्या दिग्गज कंट्री गायकालासुद्धा १९९४मध्ये निर्माता रिक रुबिनसोबत, फक्त गिटार आणि आवाज घेऊन, नव्यानं उभं राहावं लागलं.

अशा वेळी तिनं संगीत निर्माता डॅनियल लान्वाला गाठलं. हा कॅनडाचा माणूस. ब्रायन इनो या ब्रिटिश निर्मात्यासोबत काम करून तयार झालेला. पीटर गॅब्रिएलचा ‘सो’, यू-टू या रॉक बँडचा ‘द जॉशुआ ट्री’ आणि १९८९चा बॉब डिलनचा ‘ओ मर्सी’ या अल्बमांमागे याचा हात. त्याचं काम तिला आधीपासून आवडत होतं, आणि निर्माता म्हणून तो तिलाच हवा होता. हे मुद्दाम सांगतो, कारण या अल्बमची गोष्ट नेहमी उलटी सांगितली जाते. म्हणे लान्वानं तिला शोधलं, घडवलं, नवा जन्म दिला. निवड तिची होती.

रेकॉर्डिंग झालं नॅशव्हिलच्या वुडलंड स्टुडिओत आणि न्यू ऑर्लिन्समधल्या लान्वाच्या किंग्जवे या जुन्या हवेलीत. लान्वा घरातच स्टुडिओ मांडायचा. एकीकडे वादक, काचेपलीकडे यंत्रं आणि माणसं, ही विभागणी त्याला मान्य नव्हती. सगळे एकाच खोलीत. ड्रमवर यू-टूचा लॅरी मलन, बासवर न्यू ऑर्लिन्सचा टोनी हॉल. मॅलकम बर्नही साथीला होता आणि लान्वाच्या हातात कधी गिटार, कधी मॅन्डोलिन.

कंट्रीच्या नेहमीच्या रेकॉर्डिंगमध्ये गायिकेचा आवाज सगळ्यांच्या वर, लख्ख ठेवलेला असतो. फिडल (म्हणजे व्हायोलिन) आणि पेडल स्टील (आडवी ठेवून वाजवायची गिटार) आपापल्या जागी येतात आणि निघून जातात. इथं आवाज सगळ्यांच्या आत ठेवलाय. खाली ढोलासारखा भरीव ठेका, त्यावर बासचा खर्ज, आणि गिटारचे सूर छेडल्यावर विझत नाहीत, मागे घुमत राहतात. तानपुऱ्याची सवय असलेल्या कानांना हे चटकन उमगेल. मागे सूर घुमत असला की गवयाला प्रत्येक क्षण भरून काढावा लागत नाही. तो थांबला तरी पोकळी पडत नाही. एमिलूला नेमकी ही मोकळीक मिळाली. श्वास घ्यायला जागा, ओळ अर्ध्यावर सोडायला जागा. आवाजातला खरखरीतपणा लपवायचं कारणच उरलं नाही.

नील यंगनं लिहिलेल्या ‘रेकिंग बॉल’ या गाण्यात तो स्वतः तिच्या साथीला गातो. त्याचा आवाज मुळातच बारीक, उंच, जरासा थरथरता. तिचा आवाज त्याला चिकटत नाही, शेजारून चालतो. दोघांच्या मध्ये बोटभर अंतर राहतं. ‘रेकिंग बॉल’ म्हणजे इमारती पाडायचा लोखंडी गोळा, पण ‘बॉल’ म्हणजे नाचाचा सोहळाही. नाचायला भेटू या असं एक माणूस म्हणतोय, पण ज्या नाचाचं नावच विध्वंसाचं, तिथं. त्या बोटभर अंतरात ती सगळी भीती मावते.

आता ‘नव्या अवतारा’बद्दल. हा शब्द मला मनापासून खटकतो. १९७५चा तिचा ‘पीसेस ऑफ द स्काय’ आठवा. तो कुठे रेकॉर्ड झाला? बेव्हर्ली हिल्समधल्या एका भाड्याच्या घरात, बाहेर उभ्या केलेल्या ट्रकमधल्या यंत्रांवर. निर्माता ब्रायन अहर्न, तोही कॅनडाचाच. त्यात लूव्हिन ब्रदर्सचं जुनं कंट्री गाणं होतं आणि त्याच्याच पंक्तीला बीटल्सचं ‘फॉर नो वन’. वीस वर्षांनी पुन्हा घरात मांडलेला स्टुडिओ, पुन्हा कॅनडाचा निर्माता, आणि रॉक गिटारवादक जिमी हेंड्रिक्सच्या गाण्याच्या पंक्तीला ज्युली मिलरचं भक्तिगीत. ती पहिल्यापासून अशीच होती. मधल्या काळात लोकांनी तिला चंदेरी केसांची सोज्वळ कंट्री गायिका अशी चौकट घातली आणि ती चौकट मोडल्यावर आश्चर्य करत बसले.

मृत्यूही तिच्या गाण्यात पहिल्यापासून आहे. तिचा साथीदार गायक ग्रॅम पार्सन्स सप्टेंबर १९७३मध्ये गेला तेव्हा ती २६ वर्षांची होती. तिला कंट्री गायला शिकवलं ते त्यानं. त्याच्या जाण्याचं दुःख तिनं ‘बोल्डर टु बर्मिंगहॅम’मध्ये मांडलं. ‘रेकिंग बॉल’मधलं ‘ऑल माय टिअर्स’ ज्युली मिलरनं मार्क हर्ड या गायक मित्राच्या मृत्यूनंतर लिहिलं. ‘स्वीट ओल्ड वर्ल्ड’ ल्युसिंडा विल्यम्सचं. स्वतःहून जग सोडून गेलेल्या माणसाला उद्देशून ते आहे, तू मागे काय काय सोडून गेलास ते हळूहळू मोजत जाणारं. तिशीच्या आतल्या गळ्यातून हे ऐकलं असतं तर कदाचित सुंदर वाटलं असतं. ४८व्या वर्षी ती गाते तेव्हा त्या यादीतली एकेक गोष्ट तिनं स्वतः हातात धरून पाहिलेली आहे असं वाटतं.

सगळंच मला सारखं आवडतं असं नाही. हेंड्रिक्सच्या ‘मे धिस बी लव्ह’मध्ये गिटारचा धूर इतका दाटतो की गाणारी बाई हरवते. ‘या निर्मात्याच्या हाताखाली सगळे एकसारखेच वाटतात’ हा आक्षेप त्या एका गाण्यापुरता मला मान्य आहे. पण मग लगेच ‘ऑर्फन गर्ल’ येतं आणि तक्रार विसरायला होते.

‘ऑर्फन गर्ल’ गिलियन वेल्चचं. तेव्हा ती नॅशव्हिलमधली धडपडणारी मुलगी होती, तिचा पहिला अल्बम यायचा होता. तो १९९६मध्ये आला. त्याआधीच एमिलूनं तिचं गाणं या अल्बमात डिलन आणि नील यंगच्या गाण्यांच्या मांडीला मांडी लावून बसवलं. पुढे गिलियन आणि तिचा साथीदार डेव्हिड रॉलिंग्ज यांनी तोच वुडलंड स्टुडिओ विकत घेतला. २०२०च्या वादळात त्याची पडझड झाली, तो त्यांनी पुन्हा उभा केला आणि २०२४च्या आपल्या अल्बमला त्याचंच नाव दिलं. स्वतःला मागच्या रांगेत बसवलेलं असताना एखादी बाई दुसरीचा हात धरून तिला पुढे आणते, याचं मोल मला ग्रॅमीपेक्षा जास्त वाटतं. (ग्रॅमी मिळालंच, पण कंट्रीत नाही, समकालीन लोकसंगीताच्या गटात.)

आणि नंतर काय झालं पाहा. जन्मभर दुसऱ्यांची गाणी गाणारी म्हणून जिची ओळख, तिनं २०००मध्ये ‘रेड डर्ट गर्ल’ काढला. निर्माता तोच मॅलकम बर्न, आणि बारापैकी अकरा गाण्यांच्या लेखनात तिचा स्वतःचा हात. तेव्हा ती ५३ वर्षांची होती.

कुणाला ‘रेकिंग बॉल’ ऐकायचा असेल तर फोनच्या स्पीकरवर ऐकू नका, खालचा खर्ज त्यात येतच नाही. हेडफोन लावा, दिवा घालवा आणि ‘गुडबाय’ लावा. तो शेवटचा शब्द आला की मला कळवा, मी इथेच आहे.