‘मुळे’ हा शब्द मागे घेते

नमस्कार. जन्मवजन आणि जनुकांवरच्या रासायनिक खुणा यांवरच्या माझ्या लेखाला आलेली तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली, पहिल्यांदा जरा चिडूनच. “दोन-तीन टक्के मेथिलेशनच्या फरकावर नवजात बाळाच्या वजनाची गोष्ट रचायची, दोष अलगद आईच्या पदरात टाकायचा, हे थोतांड आहे,” असं तुम्ही लिहिलंय. (मेथिलेशन म्हणजे डीएनएवर मिथाइल गट नावाच्या छोट्या रासायनिक खुणा बसणं.)

अर्धं मान्य. ‘आयजीएफ२ जनुकावरच्या बदलांमुळे बाळं लहान जन्मतात’ असं मी सरसकट लिहून टाकलं, आणि तो ‘मुळे’ चुकला. एकदा ‘मुळे’ म्हटलं की दोष थेट आईचं दार गाठतो, हेही खरं.

पण थोतांड? नाही. आयजीएफ२ गर्भाला वाढवतं. त्याची वडिलांकडून आलेली प्रत चालू असते, आईकडून आलेली गप्प. कोणती बोलणार हे शेजारच्या डीएनएच्या एका पट्ट्यावरचे मिथाइल गट ठरवतात. सिल्व्हर-रसेल सिंड्रोमच्या बऱ्याच बाळांत वडिलांच्या प्रतीवरचे हे गट गळालेले सापडतात, आणि ही बाळं फारच लहानखुरी असतात. उलट आईच्या प्रतीवरही ते बसले, तर बेकविथ-वीडमन सिंड्रोम होऊन बाळ थोराड होतं. उंदरांत वडिलांकडची प्रत निकामी केली, तर पिल्लं नेहमीच्या साधारण ६० टक्के वजनाची जन्मली. इथे मी ‘मुळे’च म्हणणार.

चारचौघांसारख्या बाळांत मात्र गणित बदलतं. एका प्रतीवर एका जागी मिथाइल गट एकतर असतो किंवा नसतो. तीन टक्के फरक म्हणजे शंभर प्रतींतल्या तीन. ही मोजणी नाळेच्या रक्तावर होते, आणि त्यातल्या पेशींचं मिश्रण थोडं बदललं तरी आकडा हलतो. २०१९ साली २४ अभ्यासगटांतल्या ८,८२५ नवजात बाळांची माहिती एकत्र केली, तेव्हा डीएनएवर अशा ९१४ जागा सापडल्या, जिथलं मेथिलेशन वजनाशी निगडित होतं. पण नाळेचं रक्त जन्मावेळी घेतलेलं. वजन तोवर भरून झालेलं असतं, मग आधी काय घडलं हे त्या रक्तावरून कसं सांगणार?

खरं तर हॉलंडचा १९४४-४५चा भुकेचा हिवाळा मी लेखात आधी मांडायला हवा होता. त्या दुष्काळात ज्यांची गर्भधारणा झाली, त्यांच्या आयजीएफ२वर साठ वर्षांनंतरही भावंडांपेक्षा कमी मेथिलेशन आढळलं. जन्माचं वजन मात्र कमी नव्हतं. ज्यांच्या आयांची उपासमार शेवटच्या महिन्यांत झाली, ती बाळं हलकी जन्मली, पण आयजीएफ२वर तो फरक नव्हता. खूण एकीकडे, वजन दुसरीकडे! आणि त्या आयांच्या ताटात काय पडणार हे जर्मन नाकेबंदी ठरवत होती, त्या नव्हेत.

लेखातलं ते वाक्य आता ‘काही बदल जन्मवजनासोबत आढळतात’ असं केलंय. सिल्व्हर-रसेलचा परिच्छेद तसाच ठेवलाय.