टर्शरी आला की थांबायचं, हे कोणी सांगितलं?

"कार्बोकॅटायन दिसला की डोळे झाकून शिफ्ट मारा, टर्शरी सगळ्यात स्टेबल, टर्शरी आला की थांबा, मार्क फिक्स" हा फॉरवर्ड या आठवड्यात मला तिघांनी पाठवला, एकाने तर "सर, बरोबर आहे ना?" असं विचारून. (कार्बोकॅटायन म्हणजे धन चार्ज असलेला कार्बन; त्याला तीन कार्बन जोडलेले असले तर टर्शरी, दोन असले तर सेकंडरी; शिफ्ट म्हणजे शेजारच्या कार्बनवरचा हायड्रोजन किंवा मिथाइल त्याच्याकडे सरकणं.) नाहीये रे बाबा. अर्धा बरोबर आहे आणि पेपर काढणारा नेमका उरलेल्या अर्ध्यावर विचारतो.

आधी ते "टर्शरी सगळ्यात स्टेबल". साध्या अल्काइलमध्ये खरंय, हायपरकॉन्जुगेशन (शेजारच्या बंधांचे इलेक्ट्रॉन मदतीला येणं) जास्त, मान्य. पण ट्रोपिलियम घ्या, सात कार्बनची रिंग, मोजायला गेलात तर सेकंडरी, आणि त्याचा ब्रोमाइड चक्क पाण्यात विरघळतो, वर सिल्व्हर नायट्रेट टाकलं की लगेच साका, म्हणजे ब्रोमाइड आयन सुटाच आहे. सहा पाय (π) इलेक्ट्रॉन रिंगभर वाटलेले, म्हणजे ॲरोमॅटिक, खास स्टेबल, विषय संपला. उलट बार्टलेट आणि नॉक्स या केमिस्टनी 1939 मध्ये ॲपोकॅम्फिल क्लोराइड घेतला, क्लोरीन ब्रिजहेडवर (रिंगा जिथे जुळतात त्या कार्बनवर) म्हणजे अगदी टर्शरी, अल्कोहोलात सिल्व्हर नायट्रेट घालून 48 तास उकळला, साका शून्य. कार्बोकॅटायनला सपाट व्हायचं असतं आणि पिंजऱ्यात अडकलेला कार्बन सपाट होऊच शकत नाही, मग टर्शरी असून काय उपयोग?

"डोळे झाकून शिफ्ट" तर नकोच. 3-मिथाइल-1-ब्युटीनवर एचसीएल टाकलं तर शिफ्ट झालेला आणि न झालेला, दोन्ही क्लोराइड मिळतात, कारण क्लोराइड आयन काही तुमची शिफ्ट उरकायची वाट बघत बसत नाही. आणि हायड्रोबोरेशन, ऑक्सिमर्क्युरेशनमध्ये (अल्कीनपासून अल्कोहोल बनवायच्या दोन पद्धती) मोकळा कार्बोकॅटायन बनतच नाही, तिथे शिफ्ट करणाऱ्यांचे पेपर मी तपासलेत, वाईट वाटतं.

आता माझा लाडका मुद्दा, "टर्शरी आला की थांबा". पिनॅकोल बघा, शेजारशेजारच्या दोन कार्बनवर एकेक ओएच असलेलं अल्कोहोल. ॲसिड टाकलं, एका ओएचचं पाणी होऊन गेलं, मस्त टर्शरी कार्बोकॅटायन तयार. फॉरवर्डवाले इथे पेन खाली ठेवतील. पण शेजारच्या कार्बनवरचा मिथाइल उठून इकडे येतो आणि चार्ज जातो त्या दुसऱ्या कार्बनवर, ज्याला आता फक्त दोनच कार्बन जोडलेत, म्हणजे यांच्या हिशोबाने उलटा प्रवास झाला! पण त्याच कार्बनवर ओएच आहे, ऑक्सिजन आपली लोन पेअर (मोकळी इलेक्ट्रॉन-जोडी) देतो, सगळ्यांचे ऑक्टेट (बाहेरचे आठ इलेक्ट्रॉन) पूर्ण, प्रोटॉन गेला की पिनॅकोलोन हा कीटोन. फिटिग या जर्मन केमिस्टने हे 1860 मध्येच करून ठेवलंय, आणि तुम्ही अजून टर्शरीवरच थांबताय.