‘एवढा बावळट कोण असतो?’ : ‘फॉलोइंग’वरच्या कमेंटला उत्तर

भाऊ, ‘फॉलोइंग’ या पिक्चरवर मी लिहिलं त्याखालची तुमची कमेंट पूर्ण वाचली आणि रागबिग काही आला नाही, उलट असा पिक्चर शेवटपर्यंत पाहून कोणी भांडायला येतं हेच लय झालं. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की ‘फॉलोइंग’मधला तो पोरगा एक नंबरचा बावळट आहे, असा माणूस खऱ्यात नसतो, म्हणून स्टोरीच पटत नाही. दुसरं, दिग्दर्शक क्रिस्तोफर नोलननं सीन मागंपुढं फेकून उगाच डोक्याचा भुगा केला. आणि तिसरं, कापूस-तुरीच्या मुलखात बसून लंडनच्या ब्लॅक अँड व्हाइट पिक्चरवर कशाला खरडायचं. (ज्यांनी पाहिला नाही त्यांनी इथंच थांबा बाप्पा, पुढं सगळा सस्पेन्स फुटणार आहे.)

बावळटपणाचंच आधी घेतो, कारण खरं भांडण तिथं आहे. पोरगा बेकार आहे, लेखक व्हायचंय, बोलायला कोणी नाही, म्हणून अनोळखी लोकांच्या मागं मागं फिरतो. कॉब नावाचा चोर त्याला बरोबर हेरतो, हॉटेलात समोर येऊन बसतो, आणि मग काय घेतो त्याच्याकडून? काहीच नाही, उलट देतो. सोबत नेतो, घरं कशी फोडायची, लोकांच्या वस्तूंवरून माणूस कसा ओळखायचा ते शिकवतो, केस कापायला लावतो, सूट घालायला लावतो. तो सीन पुन्हा पाहा जिथं पोरगा कॉबला चोरीसाठी म्हणून चक्क स्वतःच्याच खोलीवर नेतो, दुसऱ्याची आहे असं भासवून, अन् कॉब तिथलं सामान पाहून तिथं राहणाऱ्याची टर उडवतो, आणि हा गप ऐकत उभा! मला तो सीन पाहवत नाही. बावळट माणूस असं करत नाही भाऊ, आपल्याकडं कोणीतरी नीट पाहावं म्हणून तरसलेला माणूस करतो.

आता आपल्या भागातला गिन्न्यांचा, म्हणजे सोन्याच्या नाण्यांच्या नावावर फसवायचा धंदा आठवा. कापूस विकून चुकारा हातात आला की पानठेल्यावर एखादा नवीन माणूस भेटतो, खर्रा खाऊ घालतो, दोन-चार दिवस नुसती सुखदुःखाची चौकशी, आणि मग हळूच सांगतो की मी मजूर आहो, पाया खोदताना गिन्न्यांचा हंडा सापडला, मालकाला बोललो नाही, मले विकता येत नाही, तुम्ही मोठे माणसं. आणि एक गिन्नी हातावर ठेवतो, पैसे नको म्हणतो, आधी सोनाराकडून तपासून आणा. सोनार कसोटीवर घासतो, ॲसिड टाकून पाहतो, अस्सल सोनं निघतं, कारण ती एक गिन्नी खरीच असते. धंद्यातलं भांडवल तेवढंच. उरलेली पिशवी पितळेची, ती एखाद्या आडरानातल्या वावरात रोख रकमेच्या बदल्यात मिळते. तपासून घेणारा माणूस बावळट कसा म्हणायचा? त्यानं तर तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त खात्री केली.

आणि यातली खरी मेख पुढंच आहे, जी तुमच्या कमेंटमध्ये पार सुटली. फसलेला माणूस ठाण्यात जात नाही. 1878 चा निखात निधीचा कायदा अजून चालू आहे, जमिनीत 10 रुपयांच्या वरचं गुप्तधन सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागतं. कलम कोणाला माहीत नसलं तरी असलं धन परस्पर दाबून ठेवता येत नाही हे गावातल्या पोरासोरालाही ठाऊक असतं. म्हणजे तक्रार लिहायची तर आधी स्वतःची चोरी लिहून द्यायची! मांडुळाचा सौदा बी तसाच, साप 1972 च्या वन्यजीव कायद्यात येतो, विकत घ्यायला गेलेला तोंड कुठं उघडणार? कॉब हेच करतो. पहिल्या दिवसापासून पोराला चोरीत सामील करून घेतो, चोरीच्या क्रेडिट कार्डावर त्याच्याच हातानं सही करवून घेतो. शेवटी पोरगा स्वतःहून पोलिसाला सगळं सांगायला जातो तर प्रत्येक पुरावा त्याच्याच गळ्यात, आणि कॉब नावाच्या माणसाचा पत्ता नाही. वर गावातले तुमच्यासारखेच म्हणणार, हाव ना, आंधळाच होता काय तो. त्या टिंगलीच्या भीतीनं बी लोक गप बसतात, ठगाला आयतंच फावतं.

सीन मागंपुढं का, तर अख्खा पिक्चर म्हणजे त्या पोराचा जबाब आहे. फसलेल्या माणसाला बोलताना ऐकलंय का कधी? मधूनच सुरू करतो, मग मागं जातो, मग ‘ते राह्यलंच’ म्हणून तिसरंच काढतो. आणि गोंधळ होतच असेल तर चेहऱ्याकडं पाहा, दाढी-केस वाढलेला, मग टापटीप सूटवाला, मग मार खाऊन सुजलेला, एवढ्या खुणा दिल्यात. 1998 चा पिक्चर, साधारण 6 हजार डॉलरमध्ये केलेला, सगळे नोकरीवाले दोस्त, शनिवारी शनिवारी शूटिंग, रीळ वाया जाऊ नये म्हणून नाटकासारख्या तालमी. नोलनचं पुढचं काम यापेक्षा देखणं आहे हे मान्य, पण इतकं अंगाला चिकटणारं मला तरी दुसरं वाटत नाही.

लंडनचं काय, ठग जिथं तिथं सारखेच, म्हणून लिहिलं. इंग्रजी समजत नसेल तर सबटायटल लावा, सत्तरेक मिनिटांचा तर आहे.

आणि एक विचारायचं राहिलंच. त्या सोनेरी केसांच्या बाईबद्दल तुम्ही एक अक्षर लिहिलं नाही. ती कॉबच्या टोळीतली, पोराला तिजोरीवर पाठवणारी, म्हणजे तुमच्या हिशोबानं हुशार पार्टी. तिला कॉबनं सांगितलं की एका म्हातारीच्या खुनाचा संशय माझ्यावर येतोय, तो या पोरावर ढकलायला मदत कर. तिनं विश्वास ठेवला. आणि ज्या हातोडीवर पोराच्या बोटांचे ठसे होते तीच कॉबनं तिच्या डोक्यात घातली. तिला कोणत्या खात्यात टाकता, ते सांगा.